नाममुद्रा आणि लेबल : 'रॅपर्स डिलाइट' या ध्वनिमुद्रिकेच्या जन्मकथेचे एक वाचन

१

'शुगरहिल गँग' या त्रयीची 'रॅपर्स डिलाइट' ही ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रकाशित झाली. बारा इंची तबकडीवरील तिचे मूळ रूप सुमारे साडेचौदा मिनिटांचे आहे. तीत तीन तरुण आळीपाळीने बोलतात. त्यांपैकी दुसरा, 'बिग बँक हँक' या नावाने ओळखला जाणारा हेन्री जॅक्सन, बोलू लागताच प्रथम आपले नाव सांगतो. ते नीट ऐकले जावे म्हणून अक्षरे सुटी करून सांगतो. परंतु ती अक्षरे जुळवली असता जे नाव तयार होते ते त्याचे नाही. ते 'कॅसानोव्हा फ्लाय' असे आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कर्टिस ब्राउन या तरुणाने ते धारण केले होते आणि पुढे तो ग्रँडमास्टर कॅझ या नावाने प्रसिद्धी पावला. हँक म्हणत असलेली कडवी कॅझने रचलेली होती. परंतु तबकडीच्या लेबलावर कॅझचे नाव नव्हते.

हिप-हॉपच्या इतिहासात ही हकिकत नवी नाही. कॅझ यांनी स्वतः ती अनेक मुलाखतींतून सांगितली आहे आणि हिप-हॉपच्या बहुतेक इतिहासकारांनी तिची नोंद घेतली आहे. मात्र ती सहसा एका अन्यायाची कथा म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे संहितेचा प्रश्न म्हणून पाहावयाचे आहे. कवीचे नाव संहितेच्या पोटात सुरक्षित असूनही कर्तृत्व नष्ट होऊ शकते काय? होत असेल तर नाममुद्रा नेमके कोणते कार्य करते? मराठी संतकाव्य आणि शाहिरी काव्य यांच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. आपल्याकडील प्राचीन कवितेच्या कर्तृत्वाचा निर्णय बव्हंशी शेवटच्या चरणातील नावावर अवलंबून असतो. त्या नावावर आपण किती आणि का विश्वास टाकतो, याची परीक्षा घेण्यास ही अमेरिकन तबकडी उपयोगी पडेल असे वाटते.

२

१९७९ पूर्वीच्या ब्राँक्समध्ये रॅप हा कार्यक्रमाचा भाग होता; त्याला स्वतंत्र कृतीचे रूप आलेले नव्हते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल हिने भरवलेल्या मेजवानीत तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, याने तबकड्या वाजवल्या, हा प्रसंग हिप-हॉपचा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. जमैकात जन्मलेल्या हर्कच्या लक्षात आले होते की नाचणाऱ्यांना गाण्यातील गायन थांबून केवळ ताल उरतो तो तुकडा, ज्याला 'ब्रेक' म्हणतात, सर्वांत अधिक हवा असतो. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो हा तुकडा लांबवीत असे. या तालावर माइक हाती घेऊन श्रोत्यांना चेतवणारा तो 'एमसी'. आरंभी त्याचे बोलणे चार-दोन घोषवाक्यांपुरते असे. पुढील काही वर्षांत त्यातून दीर्घ यमकबद्ध रचना उभ्या राहिल्या.

या संस्कृतीचे वर्णन 'मौखिक' या एका शब्दात करणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. कॅझसारखे एमसी आपली कडवी वहीत लिहून ठेवीत, पाठ करीत, सुधारीत. कार्यक्रम कॅसेटवर मुद्रित होत आणि त्या कॅसेटी हातोहाती शहरभर फिरत. म्हणजे लेखन, पाठांतर, प्रयोग आणि मुद्रण ही चारही अंगे तेथे आधीपासूनच होती. आपल्या शाहिरांचीही स्थिती याहून फार निराळी नव्हती. लावणी फडावर रंगत असे, पण ती बाडात उतरवलेली असे आणि बाड हे त्या फडाचे धन असे.

या संस्कृतीत मालकीची कल्पना नव्हती असेही म्हणता येत नाही. श्रोत्यांना साद घालणारी, त्यांच्याकडून प्रतिसाद मागणारी काही वाक्ये सर्वांचीच होती. ती कोणीही वापरावीत. परंतु एखाद्याने स्वतःविषयी रचलेले कडवे दुसऱ्याने म्हणणे निंद्य समजले जाई आणि त्याला 'बाइटिंग', म्हणजे चावा घेणे, असा तुच्छतादर्शक शब्दही होता. डीजेंमध्येही गुप्ततेचे नियम होते. आपण कोणत्या तबकडीतील तुकडा वाजवतो हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून कूल हर्क तबकड्यांवरील लेबले पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. ब्राँक्समध्ये लेबल ही काढून टाकण्याची वस्तू होती. तेथे कर्तृत्वाचा दाखला द्यावयाचा तो आवाजाने, नावाने आणि समोरच्या श्रोत्यांच्या ओळखीने. तबकडीवर छापलेल्या कागदाला त्या जगात काही अधिकार नव्हता.

३

या जगाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या ठिकाणी 'रॅपर्स डिलाइट' तयार झाली. तिची निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका होती. 'मिकी अँड सिल्व्हिया' या जोडीतून पन्नाशीच्या दशकात आणि १९७३ साली एकटीने तिने लोकप्रिय गाणी दिली होती. पती जो रॉबिन्सन यांच्यासह न्यू जर्सीतील एंगलवुड येथे ती ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय चालवीत असे. १९७९च्या सुमारास तो डबघाईला आला होता. त्या वर्षी 'हार्लेम वर्ल्ड' या क्लबातील एका कार्यक्रमात तिने माइकवर यमके म्हणणारा तरुण आणि त्याच्या शब्दांनी भारलेले श्रोते पाहिले. हे तबकडीवर आणता येईल, हा विचार तिला तेथे सुचला. हार्लेममधील 'शुगर हिल' या प्रतिष्ठित वस्तीचे नाव घेऊन तिने नवी कंपनी काढली.

ब्राँक्समधील नामवंतांना ही कल्पना तेव्हा फारशी पटणारी नव्हती. नाचणाऱ्यांना ठाऊक असलेल्या तबकडीवर कोणी बोललेले पुन्हा तबकडीवर कोण विकत घेईल, असे आपल्याला वाटत असे, हे ग्रँडमास्टर फ्लॅशने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. चक डी यानेही आपले तेव्हाचे आश्चर्य नमूद केले आहे : तासन्‌तास चालणारी गोष्ट तबकडीवर मावणार कशी, हेच त्याला कळेना. या शंकांमागे व्यवहाराचा हिशेब होता, तसा त्या कलेच्या स्वरूपाचा अचूक बोधही होता. रॅप हा प्रसंग होता. त्याची वस्तू होईल हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

सिल्व्हियाच्या मुलाने एंगलवुडमधील एका पिझ्झाच्या दुकानात हँकला ऐकले. हँक त्या दुकानात काम करी आणि कॅझच्या गटाची व्यवस्था पाही. कामाच्या वेळी तो कॅझची कॅसेट लावून तिच्याबरोबर कडवी म्हणत असे. दुकानासमोर उभ्या केलेल्या मोटारीत त्याची परीक्षा झाली. 'वंडर माइक' आणि 'मास्टर जी' हे न्यू जर्सीतीलच दोघे तरुण त्याच वेळी तेथे आले. सिल्व्हियाने तिघांनाही घेतले. त्यापूर्वी हे तिघे एकत्र कधी मंचावर उभे राहिले नव्हते. स्वतःची कडवी नसलेल्या हँकने कॅझची वही मागितली आणि आपल्याला पुढे कधीतरी याचा लाभ होईल या समजुतीने कॅझने ती दिली, असे कॅझ यांचे कथन आहे.

स्टुडिओतील घटना तितकीच सूचक आहे. कार्यक्रमाचा केंद्रबिंदू असलेला डीजे येथे नाहीसा झाला. 'शीक' या गटाचे 'गुड टाइम्स' हे गाणे त्या उन्हाळ्यात सर्वत्र वाजत होते आणि ऑगस्टमध्ये ते 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते. त्याची बेस गिटारवरील धून तरुण वादकांनी स्टुडिओत पुन्हा वाजवली आणि त्या ठेक्यावर तिघांनी आपापली कडवी म्हटली. हे सर्व जवळजवळ एका दमात मुद्रित झाले असे सांगितले जाते. तबकडी फिरवण्याच्या कलेतून निर्माण झालेल्या प्रकाराची ही पहिली यशस्वी तबकडी अशा रीतीने टर्नटेबलच्या कलावंतावाचून तयार झाली. तिच्या आधी काही काळ फॅटबॅक बँडने 'किंग टिम थर्ड' ही रॅप असलेली ध्वनिमुद्रिका काढली होती. परंतु 'रॅपर्स डिलाइट' जानेवारी १९८०मध्ये 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत ३६व्या आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली; त्यामुळे ब्राँक्सबाहेरच्या जगाने रॅप प्रथम ऐकला तो या रूपात.

४

आता हँकच्या कडव्याकडे वळू. कॅझने ते रचले तेव्हा त्यातील नावाचे कार्य उघड होते. रचनाकार, उच्चारक आणि नावाचा धनी या तिन्ही भूमिका एकाच देहात होत्या, आणि समोरचा श्रोता त्या देहाला ओळखत होता. हँकच्या मुखी तेच शब्द आले तेव्हा उच्चारक बदलला, नाव तेच राहिले. कॅझची इतर कडवी उचलताना त्याला अडचण नव्हती. या कडव्यातील नाव मात्र बदलणे भाग होते. ते त्याने बदलले नाही. हे अनवधान असेल किंवा यमक मोडण्याची भीती असेल. हेतू काहीही असला तरी परिणाम असा की संहिताचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर या कृतीचे अंतःसाक्ष तिच्या बहिःसाक्षाविरुद्ध उभे आहे. संहिता एक कर्ता सांगते, लेबल दुसरे.

नाव अक्षरे सुटी करून सांगितले आहे, ही गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे. अक्षरे सुटी करणे ही लेखनाची सवय आहे. केवळ कानांवर जगणाऱ्या परंपरेत नाव उच्चारले जाते, त्याची वर्णावली सांगितली जात नाही. म्हणजे या ठिकाणी वहीचा माग तोंडी प्रयोगात उमटला आहे. ऐकण्यात चूक होऊ नये एवढी खबरदारी घेऊन कोरलेली ही मुद्रा आहे. तरीही ती वाचली गेली नाही. असे का झाले?

एक कारण त्या नावातच आहे. कॅसानोव्हा हे अठराव्या शतकातील व्हेनिसच्या आत्मचरित्रकाराचे नाव. पाश्चात्त्य भाषांत ते केव्हाच स्त्रीलंपट रसिकाचे सामान्यनाम होऊन बसले आहे. ब्राँक्सच्या श्रोत्यासाठी ते विशेषनाम होते, कारण तो त्या नावाच्या माणसाला ओळखत होता. ओहायोतील किंवा लंडनमधील श्रोत्यासाठी ते विशेषण झाले : बोलणारा तरुण स्वतःच्या रसिकतेची फुशारकी मारतो आहे, एवढाच अर्थ त्याने घेतला. अशा रीतीने नाममुद्रा संहितेतून न हलता अर्थातून निसटली. मराठी वाचकाला येथे एकनाथांच्या नाममुद्रेचे स्मरण व्हावे. तेथेही 'एका' हे विशेषनाम सामान्य शब्दात मिसळू शकते आणि गुरूच्या नावाशी जोडले गेल्याने एकत्वाचा अर्थ धारण करते. परंतु तेथील मिसळणे कवीने योजलेले आहे आणि संप्रदायाने ओळखलेले आहे. विशेषनामाला त्यामुळे नवा अर्थ लाभतो, ते पुसले जात नाही. हँकच्या कडव्यात नाव मिसळले ते ओळखणाऱ्यांचा समुदाय मागे राहिल्यामुळे.

भक्तिकाव्यातील मुद्रेविषयी जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ साली मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. उत्तर भारतीय पदांतील नाव हे आधुनिक अर्थाने लेखकाची सही असत नाही. ते पदाला अधिकार देते, त्याला एका संतपरंपरेच्या छायेत आणते, असा त्यांचा आशय आहे. 'नामा' या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींची रचना एकत्र आली असल्याची चर्चा मराठी संशोधनात जुनी आहे. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी नामदेवांवरील आपल्या ग्रंथात या बहुकर्तृकतेचा संबंध कीर्तनाच्या प्रयोगाशी आणि सामूहिक स्मृतीशी जोडला आहे. या सर्व उदाहरणांत प्रवाहाची दिशा एकच आहे : अनाम रचनाकार स्वतःची रचना थोराच्या नावावर घालतो. एंगलवुडमध्ये ती उलटी झाली. येथे कवीचे नाव रचनेत राहिले आणि रचना दुसऱ्याच्या नावावर गेली.

शाहिरी परंपरेतील एक उदाहरण मात्र या प्रकरणाच्या अधिक जवळचे आहे. उत्तर पेशवाईतील होनाजी शेलारखाने हा रचनाकार आणि बाळा करंजकर हा त्याचा गोड गळ्याचा साथीदार. एकाने रचावे, दुसऱ्याने गावे, ही वाटणी कॅझ आणि हँक यांच्या वाटणीसारखीच आहे. परंतु त्या फडाने दोन्ही नावे एकत्र करून 'होनाजी बाळा' अशी जोडमुद्रा रूढ केली, आणि ती इतकी दृढ झाली की पुष्कळांना ते एकाच माणसाचे नाव वाटते. तेथे गळ्याला मान मिळाला तो लेखणीचा मान हिरावून न घेता. शब्द एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा असणे हे काही पाप नव्हे. जगातील बहुतेक गायनपरंपरा त्यावरच उभ्या आहेत. प्रश्न एवढाच की दोघांमधील करार कोठे नोंदला जातो. होनाजी-बाळाच्या बाबतीत तो मुद्रेतच नोंदला गेला आणि फडाच्या श्रोत्यांनी तो मानला. 'रॅपर्स डिलाइट'च्या बाबतीत तो नोंदला जाण्याची जागा बदललेली होती.

५

ती जागा म्हणजे लेबल. तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या त्या गोल कागदाची सत्ता किती आहे, हे याच ध्वनिमुद्रिकेच्या दुसऱ्या वादातून स्पष्ट होते. 'गुड टाइम्स'चे कर्ते नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावे आरंभीच्या लेबलावर नव्हती. रॉजर्स यांनी ही तबकडी एका क्लबात ऐकली, आपली धून ओळखली आणि कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. परिणामी त्या दोघांना सहलेखकाचे श्रेय मिळाले. म्हणजे ज्या धुनेत कोणाचेही नाव उच्चारलेले नाही ती आपल्या कर्त्यांपाशी परत आली. ज्या कडव्यात कर्त्याचे नाव अक्षरशः सुटे करून सांगितले आहे ते आले नाही.

याचा खुलासा केवळ कायद्याच्या कलमांत शोधून चालणार नाही. १९७६चा अमेरिकन स्वामित्वहक्क कायदा १९७८च्या आरंभी अमलात आला होता आणि त्याने संरक्षणासाठी कृती एखाद्या माध्यमात स्थिर झालेली असण्याची अट घातली होती. कॅझची कडवी वहीत लिहिलेली होती. मौखिक असल्यामुळे ती कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे आहे. फरक होता तो मागे उभ्या असलेल्या संस्थांचा. रॉजर्स आणि एडवर्ड्स यांच्यापाशी ध्वनिमुद्रिकांचा पूर्वेतिहास होता आणि अटलांटिकसारख्या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार होता. कॅझपाशी वही होती, कॅसेटी होत्या आणि ब्राँक्समधील काही हजार कानांची साक्ष होती. या साक्षीला एंगलवुडमध्ये कोणी विचारले नाही.

नाव आणि लेबल यांचा हा संबंध भारतीय ध्वनिमुद्रणाच्या आरंभाशी ताडून पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांवर गायनाच्या अखेरीस गायिका आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ही रसिकांसाठी केलेली फुशारकी आहे असे पुष्कळांना वाटते. तिच्यामागे व्यवहार होता. मुद्रित साचे छपाईसाठी जर्मनीतील हानोव्हरला जात. तेथील कारागिराला गाणे कळण्याचा संभव नव्हता. लेबलावर कोणते नाव छापायचे ते त्याने आवाजातून ऐकावे, अशी ती योजना होती. नाव कंठातून निघून कागदावर पोहोचण्याचा एक नेमका मार्ग तेथे आखलेला होता. पदांतील मुद्रेची सवय असलेल्या संगीतपरंपरेने यंत्रयुगात प्रवेश करताना नाव असे सोबत नेले, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते.

७७ वर्षांनंतर एंगलवुडमध्येही एका आवाजाने नाव स्पष्ट उच्चारले. ते कागदावर पोहोचले नाही. मराठीत आपण नाममुद्रा म्हणतो, ग्रंथाच्या छपाईला मुद्रण म्हणतो आणि तबकडीला ध्वनिमुद्रिका. एकाच शब्दाच्या या तीन रूपांमुळे तिन्ही ठिकाणी एकच ठसा उमटतो असा समज होण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात मुद्रण हाती आले की मुद्रेचा अधिकार संहितेकडून आवरणाकडे, ओळखणाऱ्या श्रोत्याकडून नोंद करणाऱ्या संस्थेकडे सरकतो. 'रॅपर्स डिलाइट'मध्ये हे सरकणे एका कडव्याच्या अवकाशात पाहावयास मिळते.

६

या मांडणीवर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. पॅरी आणि लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांच्या अभ्यासातून दाखवून दिले की मौखिक काव्यात सूत्रबद्ध शब्दसमूह सर्वांचे असतात आणि प्रत्येक प्रयोग ही नवी रचना असते. वॉल्टर ऑंग यांच्या १९८२च्या ग्रंथाने हा विचार विस्तृत केला. मग कॅझच्या कडव्यावर एकट्या कॅझचा हक्क सांगणे म्हणजे छापील संस्कृतीची मालकीची कल्पना मौखिक कलेवर लादणे नव्हे काय? शिवाय हिप-हॉपच दुसऱ्याच्या तबकड्यांतील तुकड्यांवर उभा आहे. त्याने उसनवारीबद्दल तक्रार करावी काय?

आक्षेपाचा उत्तरार्ध आधी घेऊ. डीजे दुसऱ्याची तबकडी वापरतो तेव्हा श्रोता ती ओळखतो किंवा ओळखण्याचा प्रयत्न करतो. जुने नव्या ठिकाणी ठेवण्यातील चातुर्य हाच तेथील रसविषय असतो. १९८१ साली शुगर हिलनेच ग्रँडमास्टर फ्लॅशची टर्नटेबलांवरील कारागिरी प्रकट करणारी तबकडी काढली. तीत 'गुड टाइम्स' आहे आणि ते 'गुड टाइम्स' म्हणूनच ऐकावयाचे आहे. हँकच्या कडव्यातील आनंद मात्र उसनेपणा न कळण्यावर अवलंबून आहे. ज्याला कळते त्याला ते कडवे निराळेच ऐकू येते.

पूर्वार्धाचे उत्तर 'बाइटिंग' या शब्दातच आहे. कोणते शब्द सर्वांचे आणि कोणते एकाचे, याचा विवेक त्या संस्कृतीने स्वतः केलेला होता. तो विवेक न्यूयॉर्कच्या न्यायालयातून आलेला नव्हता, क्लबांतून आणि उद्यानांतून घडला होता. उलट मौखिकतेच्या नावाने त्या विवेकाकडे डोळेझाक करणे हेच बाहेरच्या सिद्धान्ताचे आरोपण ठरेल. आपल्याकडील लोकसाहित्याच्या संकलनातही हे घडले आहे. ज्या रचनेचा कर्ता गावाला ठाऊक होता ती संग्रहात येताच 'पारंपरिक' झाली. गावाने कर्ता विसरला नव्हता. संकलकाने विचारला नव्हता.

सिल्व्हिया रॉबिन्सनचे योगदान मात्र या विवेचनात झाकोळून जाता कामा नये. कार्यक्रमाचे रूपांतर कृतीत करता येईल, हे ब्राँक्समधील कलावंतांच्या आधी तिने ओळखले. संगीतव्यवसायात स्त्रियांनी, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांनी, निर्मात्याच्या खुर्चीत बसणे दुर्मीळ होते त्या काळातील ही गोष्ट आहे. १९८२ साली 'द मेसेज' ही सामाजिक आशयाची रचना तबकडीवर आली तीही तिच्याच आग्रहाने. तिच्याशिवाय कॅझची वही ब्राँक्सबाहेर कितपत गेली असती हे सांगता येत नाही. ज्या कृतीने एका कलाप्रकाराला जग दिले तिनेच एका कवीला त्याच्या शब्दांपासून तोडले. ही दोन्ही विधाने एकत्र धरूनच या तबकडीचे मूल्यमापन करावे लागते.

७

या कथेला एक उत्तरार्ध आहे. हँक २०१४ साली मरण पावला. त्यापूर्वीच वंडर माइक आणि मास्टर जी यांचा 'शुगरहिल गँग' या नावाच्या वापरावरून आणि स्वतःच्या रंगनामांवरून कंपनीच्या वारसांशी वाद झाला होता. २०११ साली त्यांच्या लढ्यावर निघालेल्या माहितीपटाचे शीर्षकच आपले नाव परत मागणारे आहे. दुसऱ्याचे नाव उच्चारणाऱ्या तबकडीतील दोघांना स्वतःची नावे मिळवण्यासाठी झगडावे लागले. ज्या व्यवस्थेने कॅझच्या मुद्रेला अर्थ उरू दिला नाही, तिच्यासमोर माइक आणि जी यांची नावेही अखेर नोंदणीयोग्य मालच होती. त्याच २०११ सालच्या यादीत अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतनयोग्य राष्ट्रीय ध्वनिमुद्रिकांत 'रॅपर्स डिलाइट'चा समावेश केला.

आता प्रश्न अभ्यासकांचा आहे. २०१० साली येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने रॅपच्या शब्दसंहितांचा जाडजूड संग्रह काढला. त्यातील लिप्यंतराच्या चुकांवर बरीच टीका झाली. अशा संग्रहांची मांडणी सादरकर्त्यांच्या नावांनी होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ती नावे लेबलांवरून आलेली असतात. रॅप आता विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आला आहे आणि आपल्याकडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तो रचला जातो आहे. त्याच्या संहिता उद्या संपादित होतील तेव्हा संपादकाने लेबलाला पुरावा मानावे, निर्णय मानू नये. रचना कोणाची, वही कोणाची, गळा कोणाचा आणि ठेका कोणाचा, हे चार प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतील. शाहिरांची बाडे संपादताना आपल्या जुन्या संशोधकांनी यांपैकी काही प्रश्न विचारले होते. ती शिस्त येथे कामी येईल.

नाममुद्रा स्वतःचे रक्षण स्वतः करू शकत नाही, हा या तबकडीचा धडा आहे. वारकऱ्याला तुकोबांची मुद्रा ऐकताच तुकोबा आठवतात ते त्या चरणाच्या बळावर नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ती मुद्रा ओळखत आलेल्या समुदायाच्या बळावर. असा समुदाय सोबत नसेल तर नाव कितीही स्पष्ट उच्चारले तरी ते नाद होऊन राहते. चार दशकांहून अधिक काळ जगभरच्या श्रोत्यांनी कॅझचे नाव ऐकले, कित्येकांनी ते पाठही केले. परंतु ते नाव आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आज ही तबकडी लावली असता हँक त्याच उत्साहाने ती अक्षरे सांगतो. ती जुळवून वाचण्याचे काम ऐकणाऱ्याकडे आहे.